हीटर लावूनही सासूबाईंना थंडी वाजते आणि बिल दुप्पट आलंय. नक्की काय चुकतंय?

मानपाड्याची_माई | ४ जानेवारी, दुपारी २:१५

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ अकराव्या मजल्यावर राहतो. मागची बेडरूम येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आहे. उन्हाळ्यात तीच खोली सगळ्यांना हवी असते. सासूबाई (वय ८१) ऑक्टोबरमध्ये नाशिकहून कायमच्या आमच्याकडे आल्या, त्यांना ती खोली दिली. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्यांना रात्री हुडहुडी भरायला लागली. पाय बर्फासारखे गार, पहाटे तीनला उठून बसायच्या. मग आम्ही ब्लोअरवाला रूम हीटर आणला. तो रात्रभर चालू असतो, तरी सकाळी विचारलं की उत्तर तेच, "झोप नाही लागली, खांदे आखडलेत."

आज बिल आलं. नोव्हेंबरचं २१८ युनिट होतं, डिसेंबरचं ४६२! एसी बंद, पंखेसुद्धा बंद, आणि तरी हे.

पैशांचं एक वेळ सोसू, पण त्यांना ऊब मिळत नाहीये याचं जास्त वाईट वाटतं. त्या स्वतःच म्हणतात की नाशिकला यापेक्षा कडक थंडी असायची, पण असं कधी व्हायचं नाही. ठाण्यात नाशिकपेक्षा जास्त थंडी वाजते हे कसं शक्य आहे? जाणकारांनी कृपया सांगा. ऑइलवाला हीटर घेऊ का? की गरम हवेचा एसी?

---

डिझेल_इंजिन | ४ जानेवारी, दुपारी २:५०

माई, आधी थोडी माहिती द्या. हीटर किती वॅटचा, किती तास, किती रात्री? गिझर किती लिटरचा आणि कधी कधी चालू असतो?

४६२ चा आकडा जास्त बोचतो तो स्लॅबमुळे. घरगुती बिलात पहिले १०० युनिट एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या. तुमचे वाढलेले बहुतेक युनिट वरच्या, महाग स्लॅबमध्ये गेलेत. म्हणून युनिट दुप्पट झाले की बिल दुपटीहून जास्त होतं. चांगली बाजू अशी की वाचवलेले युनिटही आधी त्या वरच्या दराचेच वाचतात.

---

मानपाड्याची_माई | ४ जानेवारी, दुपारी ३:३०

हीटरला दोन कळा आहेत, १००० आणि २००० वॅट. आम्ही १००० वरच ठेवतो. रात्री दहा ते पहाटे सहा, एकूण १७ रात्री. गिझर २५ लिटरचा, २००० वॅट. सकाळी साडेपाचला लावतो आणि खरं सांगायचं तर दुपारी कोणाच्या लक्षात आलं की बंद होतो. संध्याकाळी पुन्हा. घरात चार माणसं.

---

ऐरोलीचा_अभियंता | ४ जानेवारी, रात्री ९:१०

माई, हिशोब मांडू. १००० वॅट म्हणजे तासाला १ युनिट. रोजचे ८ तास, १७ रात्री: १३६ युनिट. तुमची वाढ २४४ ची आहे. म्हणजे उरलेले १०८ हीटरचे नाहीत, ते बहुतेक गिझरचे. लोक हीटरला दोष देतात आणि बाथरूममधला लाल दिवा कोणी बघत नाही.

आता हीटरचं. तुमची खोली दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंच धरू. तिच्यात जेमतेम ३९ किलो हवा असते. एवढी हवा ५ अंशांनी तापवायला युनिटचा विसावा भाग पुरतो, म्हणून ब्लोअर लावला की पाच मिनिटांत उबदार वाटतं. पण तुमच्या पायाखालचा एकट्याचा स्लॅब तीन टनांहून जास्त आहे. तो फक्त १ अंशाने तापवायला पाऊण युनिटहून जास्त लागतो, भिंती वेगळ्याच. त्यात गरम हवा हलकी, ती जाते छताला. आणि खोलीला कुठे फट असेल तर तापवलेली हवा बाहेर जाऊन गार हवा आत येत राहते. तुम्ही रात्रभर तीच ३९ किलो हवा पुन्हा पुन्हा तापवताय, असा माझा अंदाज आहे.

तीन गोष्टी करून बघा. एक, साधा थर्मामीटर आणा (भिंतीवरचा, तापाचा नव्हे) आणि उशीजवळ, खोलीच्या मध्यभागी आणि कपाटावर अशा तीन ठिकाणी नोंद घ्या. दोन, रात्री सगळं शांत झाल्यावर उदबत्ती लावून खिडकीच्या कडेकडेने फिरवा, धूर कुठे वाकतो बघा. तीन, रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचं रीडिंग लिहून ठेवा.

या नोंदी येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

---

ठाणे_वेस्ट_७७ | ४ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्याकडे ऑइलवाला आहे, एकदम मस्त. ब्लोअरपेक्षा निम्मं बिल येतं आणि हवेतला ऑक्सिजनही जळत नाही. बिनधास्त घ्या.

---

ऐरोलीचा_अभियंता | ४ जानेवारी, रात्री १०:४०

दादा, थोडं दुरुस्त करतो, राग मानू नका. विजेचा कुठलाही हीटर, तेलाचा असो, ब्लोअर असो की लाल दांडीचा, १ युनिट विजेतून १ युनिटच उष्णता देतो. तुमचं बिल कमी येतं कारण तेलाच्या हीटरचा थर्मोस्टॅट खोली तापली की त्याला बंद करतो. खोली गळकी असेल तर तोही बंद होणार नाही. ऑक्सिजन यातला कुठलाच जाळत नाही, कारण इथे काही जळतच नाही. हवा कोरडी वाटते ती तापल्यामुळे.

दांडीच्या हीटरचा एक फायदा मात्र खरा आहे: तो हवेला सोडून थेट अंगाला शेक देतो, उन्हासारखा. आंघोळीनंतर दहा मिनिटं समोर बसायला तो चांगला, पण झोपताना अजिबात नको. पांघरूण घसरून त्यावर पडलं तर पेट घेतं.

विजेचे तिप्पट उष्णतेत रूपांतर करतो तो फक्त हॉट-अँड-कोल्ड एसी, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो. बाहेर १६-१७ अंश असताना त्याला ते सहज जमतं. पण ठाण्यात वर्षातले वीस-पंचवीस दिवस थंडीचे. जुना एसी बदलायचाच असेल तेव्हा विचार करा, आज मुद्दाम नको.

---

म्युनिकवारी | ५ जानेवारी, पहाटे २:२०

मी मूळची नौपाड्याची, गेली नऊ वर्षं जर्मनीत. आज इथे उणे ६ आहे, म्हणून या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

इथे पहिल्या हिवाळ्यात मी माईंसारखंच केलं होतं. थंडी वाजली की रेडिएटर (खोलीतला गरम पाण्यावर चालणारा हीटर) पाचवर! वर्षअखेरीला घरमालकाने हिशोब दिला तेव्हा डोळे उघडले, कारण महिन्याचा हप्ता हा नुसता अंदाज असतो, फरक नंतर भरावा लागतो. मग शेजारच्या आजींनी शिकवलं. रेडिएटरच्या नळावर १ ते ५ आकडे असतात, ते वेगाचे नसून तापमानाचे असतात. ३ म्हणजे साधारण २० अंश, ४ म्हणजे २४. पाचवर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही, फक्त नको तितकी तापत राहते. एक अंश कमी केला की इंधन सुमारे ६ टक्के वाचतं. २०२२ मध्ये गॅसची टंचाई झाली तेव्हा इथल्या सरकारी कार्यालयांत जास्तीत जास्त १९ अंशांचा नियमच होता, लोक स्वेटर घालून काम करत होते.

दुसरी गोष्ट खिडकीची. इथे खिडकी दिवसभर किलकिली ठेवत नाहीत. दिवसातून दोन-तीनदा रेडिएटर बंद करून सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघडायच्या आणि पुन्हा घट्ट लावायच्या. हवा बदलते पण भिंती गार होत नाहीत. किलकिल्या खिडकीने उलटं होतं: भिंत गार पडते, तिच्यावर दमट हवा पाणी सोडते आणि बुरशी धरते. रात्री बाहेरचे शटर पाडायचे, रेडिएटरसमोर सोफा नको, पडदा त्याच्यावर लोंबता नको, आणि आत गुडगुड आवाज आला तर किल्लीने अडकलेली हवा सोडायची.

पण माई, यातलं सगळं ठाण्याला लागू नाही. इथलं घर बंद डब्यासारखं असतं, तीन काचांच्या खिडक्या, दारांना रबर. आपल्याकडची घरं वारा यावा म्हणून बांधलेली. त्यामुळे तुम्ही खोली तापवायच्या नादाला लागूच नका, माणूस तापवा. आणि मला एक सांगा, आईंचा पलंग नक्की कुठे आहे? नाशिकला कुठे असायचा?

---

मानपाड्याची_माई | ५ जानेवारी, सकाळी ८:०५

पलंग खिडकीला लागून आहे, उशी खिडकीकडे. डोंगर दिसतो, सकाळी पक्षी दिसतात म्हणून आम्हीच तसा लावला. नाशिकचं विचारते त्यांना.

---

नेरूळचा_डॉक्टर | ५ जानेवारी, दुपारी १:३०

थोडं तब्येतीच्या अंगाने. वय वाढलं की स्नायू कमी होतात, आणि शरीराची बरीच ऊब स्नायूंतून येते. त्यामुळे ८० च्या पुढच्या माणसाला घरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त थंडी वाजते ती खरीच असते, हट्ट नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत थंडीच्या काळात घरात किमान १८ अंश असावेत असं म्हटलंय आणि वृद्धांसाठी त्याहून थोडं जास्त. ठाण्याच्या बंद खोलीत एवढं बहुधा असतंच. म्हणून त्यांचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. दोन्ही कमी असले की थंडी जास्त बाधते.

रबरी पिशवीने पाय शेकायचे असतील तर उकळतं पाणी घालू नका आणि पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा. मधुमेह असेल तर पायांची संवेदना कमी असते, भाजलेलं कळत नाही. असे फोड मी दर हिवाळ्यात बघतो. झोपण्याआधी दहा मिनिटं पिशवी अंथरुणात ठेवून द्यायची आणि त्या झोपायला आल्या की काढून घ्यायची, हे सगळ्यात सुरक्षित.

आणि शेगडी किंवा निखारे बंद खोलीत कधीच नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

---

डिझेल_इंजिन | ५ जानेवारी, दुपारी ४:००

डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीला जोडून: गॅस गिझरही त्याच कारणासाठी बाथरूमच्या आत नको. पाइप गॅस आल्यापासून ठाणे-नवी मुंबईत बरेच जण स्वस्त पडतो म्हणून बसवतात. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, धूर बाहेर सोडणारी नळी हवीच. नुसती झडप उघडी ठेवून भागत नाही.

आता तुमचा विजेचा गिझर. टाकीतलं पाणी जानेवारीत साधारण २२ अंश असतं, आंघोळीला ४० लागतं. वीस लिटरच्या बादलीला ०.४२ युनिट. चार माणसांचे रोज १.७ युनिट. मेमध्ये तेच पाणी २८ अंशांचं असतं, म्हणून दोन-तृतीयांश विजेत काम होतं. एवढं तर लागणारच.

बाकीचं जातं ते तापवून ठेवलेलं पाणी दिवसभर निवत राहतं आणि गिझर ते पुन्हा पुन्हा तापवतो त्यात. स्टार लेबलवर या गळतीचा आकडा छापलेला असतो, २४ तासांचा. नवीन घेताना तारे मोजण्यापेक्षा तो आकडा बघा. आत्ता करण्यासारखं म्हणजे थर्मोस्टॅट ७५ वर असेल तर ५५ वर आणा, पहिल्या आंघोळीआधी अर्धा तास लावा, सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरका आणि शेवटचा माणूस बाहेर येताना बंद करेल असं ठरवा.

घोडबंदरला टँकरचं पाणी येत असेल तर एलिमेंटवर क्षारांचा थर बसतो. त्याने बिल फारसं वाढत नाही, पण एलिमेंट जळतो. वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या.

---

सीवूड्सची_सेक्रेटरी | ५ जानेवारी, संध्याकाळी ७:२०

माई, तुमच्या इमारतीच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे का बघा. बऱ्याच नव्या इमारतींत बिल्डरने नियम म्हणून बसवलेले असतात आणि दोन वर्षांत कोणी ढुंकून बघत नाही.

आमच्याकडे तसंच झालं होतं. सात मजली इमारत, टाकीत कडकडीत पाणी, पण दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नळ सोडला की दीड बादली गार पाणीच यायचं, कारण रात्रभर पाइपात पडून राहिलेलं. लोक कंटाळून पुन्हा गिझर लावायचे. मी सेक्रेटरी झाल्यावर पहिलं काम हेच घेतलं. गच्चीवरच्या आणि डक्टमधल्या गरम पाण्याच्या पाइपांना फोमची नळी घातली (आधीचा फोम उन्हाने भुगा झाला होता, बोट लावलं की गळायचा). गरम लाइनच्या शेवटाकडून टाकीत परत जाणारी एक बारीक लाइन टाकली आणि तिच्यावर अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप, टायमर लावून पहाटे साडेपाच ते आठ. पंप रोज साधारण एक युनिट घेतो, आणि तेवढ्यात सगळ्या मजल्यांना नळ उघडताच गरम पाणी मिळतं. ढगाळ दिवस सोडले तर आमच्या घरचा गिझर डिसेंबरभर लागलेला नाही.

सर्वसाधारण सभेत तीन वेळा हा विषय मागे पडला. चौथ्या वेळी मी थर्मामीटर घेऊन गेले, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणि दुसऱ्या मजल्याच्या नळाचं पाणी दोन तांब्यांत ठेवलं. सगळ्यांनी बोट बुडवून बघितलं आणि ठराव झाला.

---

मानपाड्याची_माई | ९ जानेवारी, रात्री ९:४५

मंडळी, चार दिवस सांगितलंत तसं सगळं करून बघितलं. सविस्तर लिहिते, कारण कोणाला तरी उपयोग होईल.

पहिली रात्र, काहीही न बदलता. हीटर १००० वर. बाहेर १६ अंश. कपाटावर २७, खोलीच्या मध्यभागी २४, आणि उशीजवळ २०.५! एका खोलीत साडेसहा अंशांचा फरक. दहा ते सहा मीटर ८.९ युनिट फिरलं.

मग उदबत्ती. साडेअकराला सगळे दिवे बंद करून मोबाइलच्या उजेडात बघत होते. खोलीच्या मधोमध धूर सरळ दोरीसारखा वर. खिडकीच्या खालच्या ट्रॅकपाशी थोडा थरथरला. आणि स्लायडिंगची दोन शटर जिथे एकमेकांवर येतात तिथे उभ्या फटीसमोर धरली तर धूर आडवा झाला आणि थेट उशीवरून पसरला. सासूबाई जाग्याच होत्या. हात पुढे करून म्हणाल्या, "हाच तो. हाच मानेवर बसतो रात्रभर."

दुसरी गोष्ट तर मला सुचलीच नसती. मागच्या बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन आमच्याकडे ओल राहू नये म्हणून रात्रभर चालू असतो आणि बाथरूमचं दार त्याच खोलीत उघडतं. यजमानांनी तो बंद केला आणि माझ्या हातातल्या उदबत्तीचा धूर डोळ्यांदेखत निम्मा सरळ झाला. तो पंखा खोलीतली तापवलेली हवा बाहेर फेकत होता आणि तिच्या जागी डोंगराकडचा वारा फटीतून आत ओढत होता. हीटर आणि पंखा रात्रभर एकमेकांविरुद्ध चालले होते, आणि मध्ये त्या झोपलेल्या.

नाशिकचंही विचारलं. तिथे त्यांची कॉट आतल्या भिंतीला होती, भिंत दोन फुटी, खिडकी लहान आणि लाकडी झडपांची. खाली गादीवर एक गोधडी, वर दुसरी. इथे आम्ही वर दोन ब्लँकेटं दिली होती आणि खाली नुसती चादर. त्या म्हणाल्या, थंडी खालूनही येते, हे आमच्या वेळी सगळ्यांना माहीत होतं.

काय बदललं ते सांगते. पलंग आतल्या भिंतीला, पण खुर्ची खिडकीत ठेवली, पक्षी बघायला. अल्युमिनियमवाल्याला बोलावून शटरची झिजलेली ब्रशची पट्टी बदलली, पाऊण तासाचं काम. एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास, मग बंद. गादीवर गोधडी, खाली फरशीवर सतरंजी, पायात लोकरी मोजे, झोपण्याआधी पिशवीने अंथरूण गरम. समोरच्या बेडरूमला दक्षिणेचं ऊन येतं, तर दुपारी त्या तिथेच बसतात आणि दुपारभर गाद्या-पांघरुणं तिथेच उन्हात.

कालची रात्र, हीटर पूर्ण बंद, बाहेर १५.५: उशीजवळ २२.५. म्हणजे हीटर चालू असतानापेक्षा दोन अंश जास्त. मीटर ०.७ युनिट, म्हणजे फक्त फ्रिज आणि किरकोळ. त्या साडेपाचला उठल्या, मध्ये एकदाही नाही. मी दोनदा जाऊन बघून आले, कारण मलाच झोप लागत नव्हती.

रक्ताची तपासणी परवा आहे. डॉक्टरसाहेब, आभार.

एक काळजीचीही गोष्ट सापडली. हीटर काढताना बघितलं तर तो एक्स्टेंशन बोर्डावर होता आणि प्लगची एक पिन तपकिरी, बोर्डाचं प्लास्टिक तिथे वितळून वर आलेलं. खोलीत म्हातारं माणूस झोपलेलं. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

---

ऐरोलीचा_अभियंता | ९ जानेवारी, रात्री १०:३०

माई, नोंदी वाचून फार बरं वाटलं. तो बोर्ड लगेच फेकून द्या, ठेवणीतही नको. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर, आणि रात्रभर १००० वॅटसुद्धा सैल पिनेला जाळतात. हीटर, गिझर, इस्त्री थेट भिंतीतल्या १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटमध्येच.

दक्षिणेच्या खिडकीचंही छान केलंत. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, ऊन खोलीत आतपर्यंत येतं. निरभ्र दिवशी चार बाय चारच्या काचेतून पाचशे-सहाशे वॅटच्या हीटरइतकी ऊब फुकट येते. साडेपाचला, ऊन उतरताना पडदा ओढून घ्या.

आता खिडकी घट्ट झालीये, तर सकाळी पाच-दहा मिनिटं खोली पूर्ण उघडत जा, म्युनिकवाल्या ताईंनी सांगितलं तसं.

---

म्युनिकवारी | १० जानेवारी, पहाटे १:१०

"थंडी खालूनही येते." आजीच आठवली. माझ्या बॅगेत तिची गोधडी होती पहिल्या वर्षी, आणि मी ती फक्त वर घेत होते.

---

कोपरखैरणेकर | १० जानेवारी, सकाळी ११:००

माई, ती ब्रशची पट्टी काय नावाने मागायची? आमच्या आईचीही खोली खाडीच्या बाजूला आहे, अगदी हेच होतंय.

---

मानपाड्याची_माई | १० जानेवारी, दुपारी १२:२०

अल्युमिनियमच्या खिडक्यांचं सामान मिळतं तिथे "वूलपाइल" म्हणून मागा, मीटरवर मिळतं. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा सोबत न्या, कारण रुंदी आणि केसांची उंची खाचेप्रमाणे वेगवेगळी असते. उंची जास्त झाली तर शटर सरकत नाही, कमी झाली तर वारा तसाच. शटर उचलून बाहेर काढावं लागतं, अकराव्या मजल्यावर ते स्वतः करू नका, माणूस बोलवा. दोन शटरांच्या मधली उभी पट्टी बदलायला मुद्दाम सांगा, तो फक्त खालची बदलून निघाला होता.

आणि आधी उदबत्ती फिरवून बघा. गिझरचे आकडे महिनाअखेरीला टाकते.